ग्रामसभेत वाचलेले अंदाजपत्रक

गेल्या वर्षी १५ ऑगस्टची आमच्या गावची ग्रामसभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली आणि आठवड्याभराने ती पुन्हा भरली, तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा ग्रामसभेला सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसले. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. मतदार यादीत नाव लागून मला दहा वर्षे झाली होती, म्हणजे या सभेची मी दहा वर्षांची सदस्य होते, आणि एवढ्या काळात एकदाही तिथे फिरकले नव्हते. शाळेच्या पडवीत सतरंज्या अंथरल्या होत्या, पागोळ्या गळत होत्या, गणपती चार दिवसांवर आले होते आणि निम्म्या लोकांचे लक्ष घराच्या रंगकामाकडे होते. हजेरीची वही माझ्याकडे आली तेव्हा मी सही करण्याआधी वरची नावे वाचली. बहुतेक काका, आजोबा, आत्या, वहिनी. माझ्याबरोबर दहावी झालेल्यांपैकी माझ्याखेरीज दोघेच.

तहकूब सभेविषयी कायदा काय म्हणतो ते मला त्या दिवशी कळले. ग्रामसभेला गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसे हजर असावी लागतात. ती नसली तर सभा तहकूब होते, पण तीच सभा पुन्हा बोलावली की गणपूर्तीची अट उरत नाही. त्यामुळे पडवीत बसलेल्या आम्हा पस्तीस-चाळीस माणसांनी जे काही मंजूर केले ते साऱ्या गावाने मंजूर केले असे इतिवृत्तात लिहिले गेले. यात कुणाची लबाडी नव्हती. जे आले त्यांनी ठरवले आणि जे आले नाहीत त्यांच्या वतीनेही ठरले.

सभेपुढे जमाखर्च ठेवण्यात आला. ग्रामसेवक भाऊंनी तो झरझर वाचला, कारण तो तसाच ऐकण्याची सगळ्यांना सवय होती. घरपट्टीची वसुली, पाणीपट्टीची थकबाकी, १५ व्या वित्त आयोगाचा निधी, त्यातला पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिलेला ६० टक्के भाग आणि गावाने आपल्या गरजेप्रमाणे वापरायचा उरलेला ४० टक्के भाग. मग वाडीवार नळपाणी योजनेचा विषय आला आणि योजना पूर्ण झाल्याची नोंद वाचून दाखवण्यात आली. तेव्हा मागच्या सतरंजीवरून वरच्या वाडीतल्या आत्या बसल्या जागेवरूनच म्हणाल्या, "नळ हाय, पाणी नाय. मंग पूर्ण कशी?"

या प्रश्नावर सभेत जी शांतता पसरली ती मला अजून आठवते. कुणाला उत्तर द्यायचे नव्हते असे नाही, उत्तर कुठे शोधायचे हे कुणाला माहीत नव्हते. मी गणित शिकवते. आकड्यांचा कागद पाहिला की मला तो हातात घ्यावासा वाटतो. मी उभी राहिले आणि योजनेचे अंदाजपत्रक सभेला पाहायला मिळेल का, असे विचारले. सरपंच काकींनी माझ्याकडे पाहिले, ग्रामसेवक भाऊंकडे पाहिले आणि म्हणाल्या, "मागितलाय तर दाखवा की. तिला वाचता येतंय." त्या एका वाक्यापासून माझे राजकारण सुरू झाले, असे आज मी पूर्ण जबाबदारीने म्हणते.

राजकारण हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. तालुक्यातल्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी शिकवते तिथली अकरावी-बारावीची मुले राजकारणाविषयी पुष्कळ बोलतात. दिल्लीत कोण कुणाला काय म्हणाले, कोणत्या नेत्याने कोणता पक्ष सोडला, हे त्यांना मोबाइलवर माझ्याआधी कळलेले असते आणि त्यांचे वाद ऐकताना त्यांची समज कमी आहे असे मला कधीच वाटत नाही. पण आपल्या प्रभागाचा ग्रामपंचायत सदस्य कोण, पाण्याच्या योजनेची समिती कोणती, तिच्यात निम्म्या तरी बायका असाव्या लागतात हे ठाऊक आहे का, असे विचारले की वर्ग गप्प होतो. मीही अशीच गप्प राहिले असते, म्हणून हा दोष मी त्यांना देत नाही. आपल्याला राजकारण फक्त पाहायला शिकवले गेले आहे. जे पाहायचे असते ते लांब असते, आणि जिथे आपल्याला बोलण्याचा हक्क आहे ती जागा इतकी जवळ आणि इतकी साधी असते की तिला राजकारण म्हणावे असे आपल्या मनातच येत नाही.

वास्तविक राज्यघटनेने सामान्य नागरिकाला निवडून न येता सदस्यत्व दिले आहे ते ग्रामसभेचे. लोकसभेत जायचे तर वयाची पंचविशी गाठावी लागते आणि लाखो मते मिळवावी लागतात, विधानसभेचेही तसेच. ग्रामसभेला मात्र गावाच्या मतदार यादीत नाव असणे एवढे एकच पुरते. १९८९ मध्ये मतदानाचे वय २१ वरून १८ वर आले आणि १९९३ पासून ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या तर अठराव्या वर्षी कोकणातल्या कोणत्याही मुलीला आपल्या गावाच्या पैशाविषयी भर सभेत प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळालेला आहे. महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा घ्यावी लागते आणि तिच्याआधी बायकांची स्वतंत्र महिला सभा घ्यावी लागते. एवढी दारे उघडी असताना मी दहा वर्षे बाहेर उभी होते.

आमच्या गावापासून कोतळूक फार लांब नाही. गुहागर तालुक्यातल्या या गावात ९ मे १८६६ रोजी गोपाळ कृष्ण गोखले यांचा जन्म झाला, हे आम्ही शाळेत असताना सामान्यज्ञानाच्या परीक्षेसाठी पाठ केले होते आणि पाठ केलेली गोष्ट विसरावी तशी विसरूनही गेलो होतो. त्या सभेनंतर मला गोखले वेगळ्या प्रकारे आठवले. अठराव्या वर्षी पदवीधर झालेल्या या माणसाचे मोठेपण कशात होते? ते मैदान गाजवणारे वक्ते म्हणून ओळखले जात नाहीत. १९०२ मध्ये व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात त्यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले आणि सरकार ज्या शिलकीचा अभिमान बाळगत होते ती शिल्लक प्रजेच्या सुबत्तेतून आलेली नसून जड करांतून आलेली आहे, हे सरकारच्याच आकड्यांवरून दाखवून दिले. मिठावरचा कर कमी करा, ही त्यांची त्या भाषणातली मागणी होती आणि पुढच्याच वर्षी तो कमी झाला. हे सारे त्यांना न्यायमूर्ती रानड्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षे कागद वाचून साधले होते. १९०५ मध्ये त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला तेव्हा त्यात येणाऱ्या तरुणाने सार्वजनिक कामाला लागण्यापूर्वी पाच वर्षे अभ्यास करावा अशी अट घातली. आज ही अट कुणाला फार कडक वाटेल. मला मात्र ती आपल्या मातीतल्या माणसाने आपल्यासाठीच लिहून ठेवल्यासारखी वाटते.

शिकलेल्या माणसाचे राजकारणातले काम हेच आहे असे माझे मत बनले आहे. जो कागद गावाच्या नावाने लिहिला जातो पण गावाला वाचता येत नाही, तो त्याने सभेत मोठ्याने वाचावा, त्याचा अर्थ सांगावा आणि वाचून झाल्यावर तिथेच बसून राहावे. यातला शेवटचा भाग सर्वांत अवघड आहे.

आमच्या तालुक्याला याची किंमत माहीत आहे. माझा जन्म झाला त्या सुमारास अंजनवेलच्या परिसरात एन्रॉनच्या वीज प्रकल्पाचे काम सुरू होते. त्या प्रकल्पाच्या वीजखरेदीचा करार डिसेंबर १९९३ मध्ये झाला; आजूबाजूच्या गावांनी विरोध केला, माणसे तुरुंगात गेली, पुढे वीज महाग पडते म्हणून २००१ मध्ये राज्य वीज मंडळाने ती घेणे थांबवले आणि प्रकल्प बंद पडला. मी लहानपणी ही गोष्ट मोर्चांची आणि लाठीमाराची गोष्ट म्हणून ऐकली. मोठेपणी माझ्या लक्षात आले की ज्यांच्या जमिनीवर आणि खाडीवर तो प्रकल्प उभा राहिला त्या माणसांचे भविष्य एका जाडजूड इंग्रजी करारात होते आणि तो करार त्यांच्यापैकी कुणाच्या हातात नव्हता. आज परिस्थिती एवढी वाईट नाही. २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी घेण्याआधी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करून द्यावा लागतो. माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत अर्ज करता येतो आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. जैतापूर असो, नाणार असो की बारसू, बाजू कोणतीही घ्या, प्रकल्प यावा असे म्हणा किंवा येऊ नये असे म्हणा, पण त्या ३० दिवसांत तो सारांश वाचून वाडीच्या बैठकीत समजावून सांगणारे कुणी गावात असेल तर सुनावणीत माणसे ओरडण्याऐवजी प्रश्न विचारतात. किनारपट्टी नियमनाच्या नकाशांचेही तेच आहे. भरतीची रेषा नकाशावर कुठून ओढली आहे यावर कोळीवाड्यातल्या घराची दुरुस्ती अवलंबून असते, आणि तो नकाशा वाचायला भूगोलाचे पदवीधर लागतात. असे पदवीधर आता कोळीवाड्यातच आहेत.

आमच्या घरात पदवी कशी आली हेही इथे सांगायला हवे, कारण "राजकारण हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे" असे जे वाक्य मी नातेवाइकांकडून सतत ऐकते त्याला माझे उत्तर त्यातच आहे. आमचे घर कुळाचे. पणजोबा खोताच्या जमिनीत राबले. पिकाचा वाटा खोताकडे जायचा, वरून वेठही करावी लागायची. आजी अंगठा उठवायची. मंडणगड तालुक्यातले आंबडवे ज्यांचे मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. तेव्हा ते विधेयक मंजूर झाले नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ च्या कायद्याने खोती गेली. आजोबांचे नाव सातबाऱ्यावर लागले, त्या जमिनीच्या आधारावर वडील सातवीपर्यंत शिकले आणि वडिलांच्या मुंबईतल्या गिरणीच्या पगारावर आणि पुढे गावातल्या भातशेतीवर मी एम. एस्सी. झाले. माझ्या भिंतीवर लावलेले पदवीचे प्रमाणपत्र एका मोर्च्यातून, एका विधेयकातून आणि एका कायद्यातून आले आहे. राजकारणाने मला इतके दिल्यावर राजकारण घाणेरडे आहे असे म्हणून हात झटकण्याचा अधिकार मला उरत नाही.

कोकणाने शिकलेल्या तरुणांना दिल्लीलाही पाठवले होते. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै १९५७ मध्ये राजापूर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले तेव्हा ते ३४ वर्षांचे होते. १९७१ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाल्यावर त्याच मतदारसंघाने पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक असलेल्या मधु दंडवते यांना निवडून दिले आणि असे सलग पाच वेळा त्यांच्यावर विश्वास ठेवला. पैसा नसलेला, अभ्यासाने बोलणारा माणूस निवडून येऊ शकतो हे याच डोंगर-खाड्यांच्या मुलखाने दाखवले. रेल्वेमंत्री असताना दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर गादी आणली, आणि कोकण रेल्वेसाठी तर त्यांनी आयुष्यभर पाठपुरावा केला. १९९८ च्या जानेवारीत तो मार्ग पूर्ण झाला. वीर, चिपळूण, रत्नागिरी, कणकवली अशी स्थानके लागली आणि आमच्या पिढीला घरी येणे सोपे झाले. जाणेही तितकेच सोपे झाले.

आता परिस्थिती वेगळी आहे आणि तिच्यात तरुणांचा दोष शोधण्याआधी दारे कोणी बंद केली ते पाहावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते. पहिल्या लोकसभेच्या सदस्यांचे सरासरी वय साडेसेहेचाळीस होते. २०२४ मध्ये निवडून आलेल्या अठराव्या लोकसभेचे ५६ आहे. निम्मा देश तिशीच्या आत असताना हे झाले आहे. महाविद्यालयात निवडणूक शिकावी तर १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने महाराष्ट्रात विद्यार्थी प्रतिनिधी गुणांवर नेमण्याची पद्धत आणली. २०१६ च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद पुन्हा आली खरी, पण मी महाविद्यालयात पाच वर्षे शिकले आणि एकदाही मतपेटी पाहिली नाही. जिल्हा परिषदेत शिकावे तर आमच्या रत्नागिरी जिल्हा परिषदेसह राज्यातल्या बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या व प्रभागरचनेच्या वादात निवडणुका लांबत गेल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला त्या घ्या म्हणून आदेश द्यावा लागला. तीन वर्षांहून अधिक काळ जिल्ह्याचा कारभार प्रशासकाने चालवला. २०२२ मध्ये अठरा वर्षांच्या झालेल्या माझ्या विद्यार्थिनीने सलग तीन वर्षे पाहिले की निवडणूक न होताही सगळे चालते. तिने यातून काय शिकावे, याची मला काळजी वाटते.

मग येतो तो आमचा जुना विषय: मुंबई. २००१ ते २०११ या दहा वर्षांत देशाची लोकसंख्या वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची जवळजवळ पाच टक्क्यांनी घटली, सिंधुदुर्गाचीही घटली. रत्नागिरीत २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हे आकडे वाचायचीही गरज नाही, आमच्या वाडीत संध्याकाळी फेरी मारली तरी ते दिसतात. माझा आतेभाऊ अभियांत्रिकीची पदविका घेऊन नालासोपाऱ्याला भाड्याच्या खोलीत राहतो. तो गावाच्या मंडळाची वर्गणी चुकवत नाही, शिमग्याला आणि गणपतीला येतो, गावाच्या व्हॉट्सॲप गटात सगळ्यांत जास्त तोच लिहितो. मतदान मात्र त्याने कधीच केलेले नाही. गावाच्या यादीतले नाव पडताळणीत गेले आणि तिकडे त्याने कधी अर्ज केला नाही, कारण "मी तिकडचा नाही" असे त्याला वाटते.

मी त्याला सांगितले ते त्याला आवडले नाही, पण मी ते पुन्हा सांगेन. कायद्याप्रमाणे माणसाचे नाव तो जिथे सामान्यपणे राहतो तिथे लागते. गावात घर आहे एवढ्यावरून लागत नाही, आणि दोन ठिकाणी तर लागतच नाही. म्हणून त्याने नालासोपाऱ्यात मतदार नोंदणीचा नमुना ६ भरावा. आता वर्षातून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखांना वय मोजले जाते आणि सतराव्या वर्षीच आगाऊ अर्ज करता येतो. त्यामुळे संधी हुकली असे म्हणण्यास आता जागा राहिलेली नाही. ज्या गटारावरून तो रोज स्टेशनला जातो त्याचा नगरसेवक त्याने निवडावा. गावावर प्रेम करणाऱ्या मुलाला गावाच्या यादीचा नाद सोड असे सांगणे मला जड गेले. परंतु लक्षावधी कोकणी तरुण वसई, विरार, ठाणे, पनवेल इथे राहून स्वतःला तिथले मानत नाहीत आणि गावाच्या यादीतही नसतात, तेव्हा शिकलेल्या माणसांची एक संपूर्ण पिढी कुठल्याच मतपेटीत मोजली जात नाही. मला हे कोकणाच्या राजकारणाचे सर्वांत मोठे नुकसान वाटते, नेत्यांच्या पक्षबदलांपेक्षाही मोठे.

आता आमच्या नळपाणी योजनेकडे परत येते.

अंदाजपत्रकाची झेरॉक्स मला दुसऱ्याच दिवशी मिळाली. पहिल्या वाचनात काहीच कळले नाही. मोजमाप पुस्तिका, जलवाहिनीचा व्यास, उद्भव, साठवण टाकीची क्षमता, असे शब्द होते आणि प्रत्येक शब्दासाठी मला कुणाला तरी विचारावे लागले. पाणीपुरवठ्याच्या कामावर पूर्वी राहिलेल्या एका निवृत्त काकांनी ओसरीवर बसून दोन संध्याकाळी मला तो कागद शिकवला. आम्ही दोघेही चोरी शोधत होतो. ठेकेदाराने पाइप कमी टाकला असेल, असा गावात सगळ्यांचा ठाम समज होता. आम्ही टेप घेऊन मोजले, तर पाइप कागदावर होता तेवढाच जमिनीवरही होता.

चूक त्याच्या आधीच्या पानावर होती. योजना आखताना कुटुंबांची जी मोजणी झाली होती तिच्यात वरच्या वाडीतली सतरा घरे नव्हतीच. सर्वेक्षण पावसाळ्यानंतर कधीतरी झाले होते आणि त्या दिवशी ज्या घरांना कुलूप होते ती घरे बंद म्हणून सोडून दिली होती. माणशी दररोज ५५ लिटर या हिशेबाने उरलेल्या घरांपुरती टाकी बांधली गेली. टाकी लहान, वाडी उंचावर. मे महिन्यात आणि गणपतीत कुलपे उघडली की खालच्या वाडीतच पाणी संपते आणि आत्यांच्या नळापर्यंत हवा येते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झेलणाऱ्या गावात जांभ्या दगडातून पाणी वाहून जाते आणि मार्चपासून बायका हंडे घेऊन झऱ्यावर जातात, ही गोष्ट जुनीच आहे. नवी योजना येऊनही ती तशीच का राहिली, याचे उत्तर मात्र एका स्तंभातल्या एका आकड्यात होते.

सर्वेक्षण करणाऱ्यांवर मला राग काढायचा नाही. त्यांच्याबरोबर गावातला कुणी जाणता माणूस फिरला असता आणि या घरातली माणसे मे महिन्यात येतात, त्या घरातली म्हातारी लेकीकडे गेली आहे, एवढे सांगितले असते तरी पुरले असते. तसा ठराव त्या वर्षीच्या ग्रामसभेत येऊन गेला होता. मी तेव्हा गावात होते, आणि घरी बसून निवडणुकीच्या बातम्या पाहत होते.

शिक्षणाविषयी मला एक भीतीही वाटते आणि ती इथेच नोंदवते. आपण शिकलो म्हणजे आपल्याला गावापेक्षा जास्त कळते असे मानणारे तरुण राजकारणात आले तर ते जुन्या पुढाऱ्यांपेक्षा जास्त नुकसान करतील. कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते, कुठल्या झऱ्याचे पाणी भावकीच्या भांडणामुळे कुणी भरत नाही, हे मला महिला सभेत अंगठा उठवणाऱ्या बायकांनी सांगितले. माझ्याकडे फक्त ते लिहून काढण्याचे कौशल्य होते. सरपंचपदासाठी १९९५ मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना सातवी उत्तीर्ण असण्याची अट आपल्या राज्यात आहे. सरपंच काकी त्याआधीच्या, त्या पाचवीपर्यंतच शिकल्या आहेत. त्या राखीव जागेवरून निवडून आल्या आणि पहिले वर्षभर त्यांच्या वतीने घरातले पुरुषच बोलायचे. आता त्या स्वतः बोलतात, आणि वरच्या कार्यालयात गेल्यावर समोरच्याने खुर्ची दिली नाही तर उभ्यानेच आपले म्हणणे पूर्ण करून येतात. हा धीर मला कुठल्याही विद्यापीठाने शिकवलेला नाही.

गणपतीचे पाच दिवस वाडीतली सगळी घरे उघडी असतात. आम्ही तेव्हाच मोजणी करायची ठरवली. आतेभाऊ, त्याच्याबरोबर मुंबईहून आलेली दोन मुले, माझ्या दोन विद्यार्थिनी आणि मी, असे सहाजण आरती आटोपली की घरोघरी जायचो. घर क्रमांक, माणसे किती, वर्षातले किती महिने राहतात, मे महिन्यात किती येतात, नळ आहे का, हे वहीत लिहायचो. लोक मोदक खाल्ल्याशिवाय सोडत नसत, म्हणून दोन दिवसांचे काम चार दिवस चालले. आतेभावाने मोबाइलवर तक्ता तयार केला. मुंबईच्या गटात ज्या विषयावर तो वर्षभर लिहीत होता त्याच विषयाचा आकडा आता त्याच्या हातात होता, आणि मी पाहिले की त्याने त्या दिवसांत गटावर एकही ओळ लिहिली नाही.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो तक्ता मी वाचून दाखवला. या वेळी गणपूर्ती झाली; वरची वाडी जवळजवळ सगळी आली होती. टाकीची क्षमता वाढवण्याचा आणि वरच्या वाडीसाठी स्वतंत्र वाहिनी टाकण्याचा ठराव झाला, तो पंचायत समितीकडे आणि तिथून पाणीपुरवठा विभागाकडे गेला. डिसेंबरात एक पत्र आले, त्यात तांत्रिक पाहणी करू असे लिहिले होते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एक कनिष्ठ अभियंता येऊन उंची मोजून गेला. काम अजून मंजूर झालेले नाही, आणि या उन्हाळ्यात ते होईल असे मला वाटत नाही.

आतेभावाचे नाव नालासोपाऱ्याच्या यादीत लागले. माझ्या दोन विद्यार्थिनींपैकी एकीला पुढच्या वर्षी एकवीस पूर्ण होतील; ती बारावीनंतर इथेच राहून बी. ए. करते आहे आणि ग्रामपंचायतीला उभे राहायचे तर कोणकोणते दाखले लागतात, असे तिने मला परवा विचारले. तिचे वडील यावर अजून काही बोललेले नाहीत. मी तिला जात पडताळणीचे आधी बघ असे सांगितले, कारण त्याला वेळ लागतो.

२६ जानेवारीच्या सभेची सूचना सात दिवस आधी फळ्यावर लागली. मी कॉलेजातून येताना एसटीतून उतरले तेव्हा वरच्या वाडीतल्या आत्या हंडा कमरेवर घेऊन त्या फळ्यासमोर उभ्या होत्या. "काय लिवलाय, वाच जरा," त्या म्हणाल्या. मी विषयपत्रिका वरपासून वाचली. चौथा विषय आमच्या टाकीचा होता. तो त्यांनी पुन्हा एकदा वाचायला लावला, सभा किती वाजता आहे ते विचारले आणि हंडा दुसऱ्या बाजूला घेत म्हणाल्या, "अकराला व्हय. पाणी भरून दहापर्यंत मोकळी व्हईन मी. तू पुढं बस, मी येतेच."